खेळातल्या मुलखाची मोजणी

आम्ही ज्या गेमची वाट पाहत होतो, तो चार वर्षं येणार येणार म्हणत येत नव्हता. त्यात एक अख्खा काल्पनिक मुलूख होता. डोंगर, नद्या, पडके बुरूज, जंगलात दडलेले राक्षस. खेळणाऱ्यानं घोड्यावर बसावं आणि वाटेल तिकडे जावं, कुणी अडवणार नाही, असं कंपनीचं सांगणं होतं. याहून जास्त कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे बोलायला भरपूर होतं.

बोलणारे आम्ही म्हणजे फोनवरचा एक ग्रुप. दोन-अडीचशे लोक, बहुतेक यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडचे. मी छत्तीस वर्षांची आहे, यवतमाळला आईबाबांकडे राहते आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. विम्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. ग्रुपवर मी बाई आहे हे दोघातिघांनाच ठाऊक होतं. बाकीचे मला भाऊ म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हाच सांगायला हवं होतं, ते राहिलं, आणि मग दोन वर्षांनी सांगणं विचित्र दिसलं असतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी कंपनीनं गेमप्लेचा अठरा मिनिटांचा व्हिडिओ सोडला. एक स्वार नदीकाठानं निघतो, पूल ओलांडतो, जंगलात शिरतो, बाहेर पडतो आणि एका बुरजापाशी राक्षसाशी लढतो. ‘एका दमात खेळलेला, कुठेही न कापलेला’ असं सुरुवातीलाच लिहिलं होतं.

ग्रुपवर एकानं लिहिलं, मी रडलो. दुसऱ्यानं विचारलं, कितव्या मिनिटाला. त्यानं मिनिट सांगितलं आणि आणखी चौघं त्या मिनिटाला जाऊन रडून आले. दारव्ह्याच्या एका माणसानं दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि कारण डोळे दुखतात असं दिलं, जे खरंही होतं. घोड्याच्या पायाखाली गवत दबतं आणि परत उभं राहतं, यावर दीड तास चर्चा झाली. मीही त्यात होते. गवत हळू उभं राहतं, असं माझं मत होतं.

व्हिडिओ मी बैठकीतल्या टीव्हीवर लावला होता. बाबा तिथे होते, कारण त्यांची खुर्ची तिथे आहे. बाबांनी चौतीस वर्षं मोजणीदाराची नोकरी केली. भावाभावांत वाटणी झाली, शेजाऱ्यांत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून तंटा झाला, की बाबा साखळी आणि नकाशा काढायचा फळा घेऊन जायचे, शेत मोजायचे आणि हद्दीचे दगड रोवून यायचे. जिल्ह्यात अनेक ठिकाणी बदल्या झाल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीचा नकाशा काढला. कुणी मागितला नव्हता. त्यानंतर त्यांच्याजवळ काम नव्हतं. ते दिवसातून दहाएक वाक्यं बोलायचे आणि त्यातली तीन पंप चालू-बंद करण्याविषयी असायची.

आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, “इतका पळून राह्यला हा घोडा, पाणी पेत नाही का?”

बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, “नदी डोंगराकडे चालली.”

“म्हणजे?”

“पाणी. चढाकडे वाहून राह्यलं. उलटं आहे.”

मी मागे नेऊन पाहिलं. खरंच उलटं होतं. मी ते ग्रुपवर टाकलं, ‘माझे बाबा म्हणतात’ असं लिहून. लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, काल्पनिक मुलूख आहे, तिथे नदी कुठेही वाहील. दुसऱ्याचं म्हणणं, राक्षस चालेल, पण पाणी उताराकडेच गेलं पाहिजे. एकानं मला लिहिलं, “भाऊ, बाबूजीले दुसरं काई दिसलं काय?”

हा प्रश्न मी बाबांना वाचून दाखवला. ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, “परत लाव.”

पुढचे आठ दिवस माझं ऑफिसचं काम संपलं की बाबा रिमोट घेऊन बसलेले असत. थांबवायचे, मागे न्यायचे, कागदावर काही मांडायचे. घोड्याचं एक पाऊल किती लांब धरायचं, असं त्यांनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. ते कॉलनीच्या टोकाला राहणाऱ्या जनावरांच्या निवृत्त डॉक्टरकडे जाऊन आले. ड्रॉइंग शीट आणलं. त्यावर त्या मुलखाचा नकाशा काढला. नदी, पूल, जंगल, बुरूज. झाडांच्या जागी छत्रीसारख्या छोट्या खुणा. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आणि खाली बारीक अक्षरात, ‘उत्तर दिशा गृहीत धरली आहे.’ त्याखाली, सवयीनं, सही.

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. ग्रुपला तो नकाशा फार आवडला. तो बाकीच्या ग्रुपांत गेला, मग कुणीतरी त्यावर इंग्रजीत मजकूर लिहून तो बाहेर पाठवला. लोक बाबांना काकाजी म्हणू लागले. मी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “बरं.” पण दुसऱ्या दिवशी दाढी करून टीव्हीसमोर बसले.

नवव्या दिवशी ते जेवताना म्हणाले, “हे कापलं आहे.”

“काय कापलं?”

“व्हिडिओ. स्वार जंगलात शिरतो तेव्हा बुरजाची सावली नदीकडे पडते. जंगलातून निघतो तेव्हा डोंगराकडे. शिरला दुपारचा, निघाला सकाळचा.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “दोन येगळ्या दिवसांचं काम जोडलं आहे.”

मी पाहिलं. दहा वर्षं चुका शोधण्याचा पगार घेते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून ग्रुपवर टाकली आणि खाली एक ओळ लिहिली. यातून काय होईल याचा मी विचार केला नव्हता.

नदीची गंमत वाटली होती लोकांना. हे लागलं. ज्यांनी रडल्याचं लिहिलं होतं ते सगळ्यात जास्त चिडले. कालपरवापर्यंत ज्याला काकाजी म्हणत होते त्याला म्हातारा म्हणू लागले. कुणी लिहिलं, घरी बसून काम नाही. कुणी लिहिलं, याला दुसऱ्या कंपनीनं बसवलं आहे. आमच्या वडगाव रोडच्या घरात दुसऱ्या कंपनीनं बाबांना खुर्चीवर बसवल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणायचा मी प्रयत्न केला.

मी हे बाबांपासून लपवलं. त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, “लोक काय म्हणतात?”

“चांगलंच म्हणतात.”

“हरकती आल्या असतील.”

मी फोन उलटा ठेवला.

“दाखव. हरकती गाळायच्या नसतात.”

मोजणीत कुणाला हरकत असली की ती लेखी घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा आणि उत्तर द्यायचं, अशी पद्धत. बाबांनी रेघांचे कागद घेतले आणि मी वाचेन तशा हरकती लिहून काढल्या. हरकत क्रमांक तीन, म्हातारा वेडा आहे. उत्तर, वयाबद्दल वाद नाही. वेडाबद्दल पुरावा जोडलेला नाही. हरकत क्रमांक सात, गेममध्ये वेळ लवकर पळतो. उत्तर, मान्य, परंतु मागे पळत नाही. हरकत क्रमांक आठ, मधे रात्र होऊन गेली असेल. उत्तर, स्वार जंगलात चाळीस सेकंद होता. त्याआधीच्या पाच मिनिटांत सावली वीतभरही सरकलेली नाही. हे लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं, नोकरीनंतर पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं.

अकरावी कमेंट मी वाचायला सुरुवात केली आणि थांबले.

“वाच,” बाबा म्हणाले.

मी वाचली. ‘नकाशाखाली सही पाह्यली. याच सहीच्या माणसानं आमचा धुरा चुकवला, पंधरा वर्षं झाली. कागद घरच्या पेटीत हाये. याची मोजणी मले सांगू नका.’ खाली मारेगावकडच्या एका गावाचं नाव होतं.

बाबांनी ‘हरकत क्रमांक अकरा’ असं लिहिलं. पुढे गावाचं नाव लिहिलं. उत्तराची जागा कोरी ठेवली आणि पेनाला टोपण लावलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ते पंपाविषयीसुद्धा बोलले नाहीत. त्यांच्याकडे नोकरीच्या डायऱ्या आहेत, वर्षाला एक, कपाटात खालच्या खणात. दुपारी ते एक डायरी काढून बसलेले मी पाहिले. संध्याकाळी म्हणाले, “त्याला विचार, आलो तर चालेल काय.”

मी त्या माणसाला वेगळा मेसेज केला. लिहिलं की मी त्या मोजणीदारांची मुलगी. बराच वेळ तो टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग आलं, “भाऊ, तुमी बाई हा काय?” आणि थोड्या वेळानं, “माफ करा ताई. या रविवारी.”

जानेवारीतला रविवार होता. फाट्यावर तो मोटरसायकल घेऊन उभा होता. चाळिशीचा माणूस, गळ्यात दुपट्टा आणि अंगात त्याच गेमचं चिन्ह छापलेला टी-शर्ट. बाबांकडे पाहून त्यानं हात जोडले, पण हसला नाही. घरी नेलं. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. आतल्या खोलीत कापसाच्या गंजीशेजारी टेबलावर त्याचा कॉम्प्युटर होता, कापडानं झाकलेला. त्यानं पेटीतून नकाशा काढून बाबांसमोर ठेवला. कागद घड्यांवर फाटत आला होता. बाबांनी आधी सही पाहिली.

“माहीच आहे,” ते म्हणाले.

“आमच्या बाबाची आन् काकाची वाटणी झाली तवाची हाये,” तो म्हणाला. “बाबा म्हणे, दगड आत आला. काका म्हणे, सरकारी माणसानं रोवला, आता बोलाचं काम नाही. तवापासून दोघं बोलले नाही. बाबा चार वर्षं झाले गेले. तवाही काका आंगणाबाहेरच उभा होता.”

“अर्ज काहून नाही केला फेरमोजणीचा?”

“बाबा म्हणे, तोच माणूस येईन.”

बाबांनी मान हलवली. “चला, शेतावर जाऊ.”

शेत अर्ध्या मैलावर होतं. कापसाची शेवटची वेचणी राहिली होती, पलीकडे तूर कापून पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. शेताच्या मधून एक खोल नाला जात होता. बाबांनी घरून लांब टेप आणला होता. ते म्हणाले, “हे सरकारी नाही. हे फक्त आपल्याले समजाव म्हणून.” तो म्हणाला, “हो जी.” टेपचं एक टोक शेताच्या पूर्व हद्दीच्या दगडाशी मी धरलं, दुसरं घेऊन तो पुढे गेला. नाल्यापाशी तो काठावरून खाली उतरू लागला तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं.

“खाली नाही उतरायचं. वरूनच. आडवा.”

ते कसं करायचं यात बराच वेळ गेला. नाल्यात उतरून उतारावरून टेप टाकला तर अंतर जास्त भरतं, म्हणून तो हवेत आडवा ताणून धरावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो पलीकडच्या काठावर पोचला, टेप दोन हातांनी ओढून उभा राहिला, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन एकामागोमाग एक वाजू लागला. एका हातानं त्यानं तो काढून पाहिला.

“साहेब,” तो पलीकडून म्हणाला, “कंपनीनं लिहिलं. व्हिडिओ तीन-चार दिवसांच्या तुकड्याईचा जोडेल होता म्हणते. माफी मागतली.”

“टेप सोडू नका,” बाबा म्हणाले.

त्यानं फोन खिशात टाकला. माझाही फोन वाजत होता, तो मी पाहिला नाही.

नकाशातलं अंतर टेपवर जिथे भरलं तिथे, नाल्याच्या पलीकडे जाऊन, बाबांनी काडी रोवली. हद्दीचा दगड काडीच्या अलीकडे होता, त्या माणसाच्या शेतात साडेआठ फूट आत. म्हणजे एक बैलगाडी जाईल एवढी पट्टी, शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पंधरा वर्षं चुकीच्या बाजूला होती. बाबांनी पुन्हा मोजायला लावलं. तेवढंच आलं. मी टेपचं टोक घेऊन नाला ओलांडला आणि काडीपाशी गेले.

तोपर्यंत पलीकडच्या तुरीतून एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. पांढरं धोतर, हातात विळा. हा काका, हे सांगायची गरज नव्हती. तोंडवळा सारखा होता.

बाबा त्याच्याकडे वळले. “मोजणी चुकली होती. त्या दिवशी नाल्यात झुडपं होती, माणसं कमी होती. साखळी मी काठाकाठानं, उतरून-चढून टाकली. डायरीत तसं लिहिलं आहे. तेव्हा मला ते चाललं. हा दगड इथे नाही, तिथे पाहिजे.”

म्हाताऱ्यानं काडीकडे पाहिलं, मग दगडाकडे.

“मले तवाच मालूम होतं,” तो म्हणाला. “लहानपणी आमी दोघंई तिथं बाभळीखाली जेवाले बसो. बाभूळ मधात होती. तुमचा दगड बाभळीच्या अलीकडे आला. मी काई बोललो नाही. दुसऱ्या साली बाभूळ तोडली.”

माझ्या हातात अजून टेपचं टोक होतं. पुतण्या चार पावलांवर उभा होता आणि त्यानं ते ऐकलं होतं. तो खाली पाहून टेप गुंडाळू लागला, फार नीट, पीळ पडू न देता. गुंडाळत गुंडाळत आमच्यापर्यंत आला, टेप बाबांच्या हातात दिला आणि म्हणाला, “चला साहेब, जेवून घ्या. भाजी झाली असन.” मग काकाकडे न पाहता म्हणाला, “तुमीबी या.”

म्हातारा म्हणाला, “तूर उचलाची हाये.” आणि गेला.

जेवताना बाबांनी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्या माणसानं त्यांना आणखी भाकर वाढली. जेवण झाल्यावर त्यानं कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. आम्ही तिघांनी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. कंपनीनं कबूल केल्यावर तो पाहायला वेगळा वाटेल असं मला वाटलं होतं, पण तसा वाटला नाही. राक्षस तेवढाच मोठा होता. तो माणूस म्हणाला, “कापला तं कापला, पण चांगला बनवला.” बाबा म्हणाले, “बुरजाचं काम चांगलं आहे.”

परत निघताना गाडी सुरू करण्याआधी मी ग्रुप उघडला. ज्यांनी बाबांना म्हातारा म्हटलं होतं ते आता लिहीत होते की त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती. काकाजींना मुलाखतीला बोलवा, असं कुणीतरी सुचवलं होतं. मी ते बाबांना सांगितलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. “नको,” म्हणाले.

घरी येऊन त्यांनी एका कोऱ्या कागदावर आपली चूक लिहिली. तारीख, शेताचा गट क्रमांक, नाला, साखळी कशी टाकली, दगड किती फूट चुकला. फेरमोजणीचा अर्ज केला तर मी येऊन सांगीन, असं शेवटी लिहून सही केली आणि रजिस्टरनं पाठवलं. त्या माणसाचा फोन आला की कागद मिळाला, पेटीत ठेवला. अर्ज त्यानं केला नाही. पावसाळ्यात काकानं आपली पेरणी काडीपाशी थांबवली. पुतण्यानं पट्टी पेरली नाही, ती दोघांच्या मधे पडीत राहिली. दिवाळीत काका अंगणात येऊन खाटेवर बसला, चहा प्याला आणि वीज कधी येते एवढंच बोलून गेला. हे सगळं मला तो ग्रुपवर सांगत नाही, वेगळं कळवतो. ताई म्हणतो. त्याच्यामुळे आता सगळेच ताई म्हणतात.

गेमची तारीख दोनदा पुढे गेली आहे. कंपनी म्हणते, नद्यांचं काम चालू आहे.

बाबांनी चौतीस डायऱ्या खालच्या खणातून काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. महिनाभर ते वाचत होते. कुठे नाला आडवा होता, कुठे माणसं कमी होती, कुठे ‘काठाकाठानं’ असा शब्द आहे, ते वेगळ्या वहीत उतरवत होते. आई एक दिवस म्हणाली, “आता काय पूर्ण जिल्हा फिरता?”

“जिल्हा नाही,” बाबा म्हणाले. “नऊ जागा आहेत.”

रविवारी मी गाडी चालवते, बाबा बाजूला टेप मांडीवर घेऊन बसतात. आतापर्यंत चार झाल्या. तीन बरोबर निघाल्या. झरीकडची एक तर इतकी बरोबर की बाबांनी दगडावर हात ठेवून जरा वेळ उभं राहून घेतलं. चौथी कळंबजवळची. तिथला मालक शेत विकून नागपूरला गेला आहे, आणि नव्या मालकानं आम्ही कशाला आलो ते ऐकून घेतल्यावर फाटक उघडलं नाही. बाबांनी त्याला नमस्कार केला, वहीत त्या जागेपुढे ‘पाहता आली नाही’ असं लिहिलं आणि मला म्हणाले, पुढच्या रविवारी लवकर निघू, राळेगावकडची जागा लांब आहे.